सांभाळून न्या हं!

निघायच्या आधल्या दोन दिवसांत हे वाक्य मी वीसदा तरी ऐकलं असेल. बहिणीकडून, जावेकडून, जर्मनीतून भावाकडून, भाचीच्या मैत्रिणीच्या आईकडून आणि त्या आईच्या सासूबाईंकडून वेगळं. सामान गाडीत चढवताना सोसायटीच्या वॉचमननेही म्हणून घेतलं. सांभाळायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे मात्र एकानेही सांगितलं नाही. सांगायचं काय त्यात? मराठी मध्यमवर्गाला ते बाळगुटीतूनच मिळतं. मुलग्यांनी पिऊ नये, मुलींनी तोकडं घालू नये, पाहुण्यांचं पोट बिघडू नये. संपला तीन कलमी कार्यक्रम.

माझ्या ताब्यात सहा जण. चार आपले: भाची, वय 16, तिची मैत्रीण, तीही 16, मोठा पुतण्या, वय 17 पण स्वतःच्या मते 25, आणि त्याचा धाकटा भाऊ, 13, ज्याला दर दोन तासांनी भूक लागते. उरलेले दोघे परके. स्टुटगार्टला माझा भाऊ ज्यांच्या घरात वरच्या मजल्यावर राहतो ते म्हातारा-म्हातारी. तो ट्राम चालवून निवृत्त झालेला, ती आयुष्यभर नगरपालिकेच्या वाचनालयात. भावाची मुलं त्यांना ओमा-ओपा म्हणतात, म्हणजे आजी-आजोबा, म्हणून आम्हीही तेच म्हणायचं ठरवलं. दिवाळी बघायला आले होते. भाऊबीज झाली आणि प्रश्न उभा राहिला की यांना आता दाखवायचं काय. पाहुणे म्हणाले समुद्र, पोरं म्हणाली गोवा, पोरांच्या आया म्हणाल्या तू जातेसच तर यांनाही ने. नवऱ्याचं ऑफिसात काम निघालं. ते नेहमी वेळेवर निघतं.

तर बारा सीटची ट्रॅव्हलर, पाच दिवस, पणजीत मुक्काम, आणि वाटेतल्या प्रत्येक चहाच्या टपरीवर 'आपल्याकडे फॉरेनर आहेत' असं छाती काढून सांगणारा ड्रायव्हर. त्याला मी हसले खरी. पुढे कळलं की तो आणि मी एकाच माळेचे मणी. तो निदान उघड सांगत होता.

आंबोली उतरून बांदा मागे टाकलं की पत्रादेवी येते. महाराष्ट्र संपतो, गोवा सुरू होतो, आणि पुण्याच्या गाड्यांमधून एक आनंदाची लाट जाते, कारण इथून पुढे दारू स्वस्त. 15 ऑगस्ट 1955 ला याच हद्दीवर पोर्तुगिजांनी गोवामुक्तीच्या निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या. गोव्याच्या सीमांवर त्या एका दिवसात वीसहून जास्त माणसं गेली. तुकड्या पुण्याहून निघायच्या. त्याच वर्षी मे महिन्यात समाजवादी नेते नानासाहेब गोरे तुकडी घेऊन आत शिरले, मार खाल्ला, तुरुंगात गेले. हे सगळं मी इंग्रजीत ओपाला सांगत होते आणि मागच्या सीटवर कानात इअरफोनची बोंडं घातलेली पोरं ऐकत नाहीत असं धरून चालले होते. धाकट्याने बोंडं काढली. "काकू, म्हणजे पुण्याहून चालत आले आणि गोळ्या खाल्ल्या? दादाएवढे पण होते?" असतील की, म्हटलं. तो थोडा वेळ गप्प बसला. ड्रायव्हरला वाटलं आपणही माहितीत भर घालावी. म्हणाला, "परत जाताना इथं चेकिंग असतंय मॅडम. बाटल्या असल्या तर सीटखाली ठेवू नका, तिथं पहिलं बघतात."

ओपाच्या हातात एक जाडजूड मार्गदर्शक पुस्तक होतं. त्यातलं गोवा 1510 साली सुरू होतं, पोर्तुगिजांचा आल्बुकर्क जहाजातून उतरतो तेव्हा. त्याआधी बहुधा तिथे नुसती वाळू असावी. मला चेव आला. मी कदंब राजे काढले, तांबडी सुर्लाचं महादेवाचं काळ्या दगडाचं देऊळ काढलं, युरोपातून कुणी यायच्या कितीतरी आधीचं म्हणून ठणकावलं. "मावशी, तू बघितलंयस ते?" भाचीने विचारलं. नव्हतं बघितलं. सहा वेळा गोव्याला जाऊन आले होते आणि सहाही वेळा कळंगूट. त्या पुस्तकात देवळाचा अर्धा परिच्छेद निघाला शेवटी, छोट्या टायपात. म्हणजे ते पुस्तक माझ्यापेक्षा अर्ध्या परिच्छेदाने पुढे होतं.

हॉटेलात शिरताना काय होतं ते प्रत्येकाने एकदा गोरी माणसं बरोबर नेऊन बघावं. स्वागताला शंखशिंपल्यांच्या माळा. ओमाच्या गळ्यात एक, ओपाच्या गळ्यात एक, माळा संपल्या. 'वेलकम सर, वेलकम मॅडम' करून झाल्यावर काउंटरवरच्या पोराने आमच्याकडे मान वळवली. "आधार द्या. ही मुलं कोणाची? चारही तुमचीच? लेडीज-जेन्ट्स खोल्या वेगळ्या ना?" परदेशी पाहुण्यांची नोंद हॉटेलांना चोवीस तासांत कळवावी लागते, म्हणजे कायद्याने चौकशी व्हायची ती ओमा-ओपाची. त्यांचे पासपोर्ट त्याने दोन्ही हातांनी घेतले, पूजेचा नारळ घ्यावा तसे. आमची आधार कार्डं मात्र उलटी करून, उजेडात धरून, फोटो जुना आहे म्हणून पुन्हा तोंडाकडे बघून. पाहुण्यांना मांडवीकडची खोली, आम्हाला जनरेटरच्या डोक्यावरची. भांडायला तोंड उघडलं आणि मिटलं. चार दिवसांपूर्वी फोनवर मीच सांगितलं होतं: "फॉरेनचे पाहुणे आहेत हो, त्यांना चांगली खोली द्या." त्या पोराचं काय चुकलं? माझी ऑर्डर त्याने शब्दशः पाळली.

पहिल्या दिवशी पणजी. फोन्तेन्हासच्या गल्ल्या, पिवळी-निळी घरं, आणि प्रत्येक घरासमोर पाय एकावर एक टाकून उभी असलेली एक तरी होऊ घातलेली नवरी. फोटो काढू नका अशा पाट्या घरमालकांनी लावल्यात, त्या पाट्यांना टेकून लोक फोटो काढतात. एका खिडकीत एक आजीबाई मटार सोलत बसली होती. तिच्या खिडकीशी तीन फोन. तिने शांतपणे ताट उचललं, खिडकी लावली. "ओ, हाउ रूड," असं एक बाई म्हणाली. त्या बाईच्या पुण्याच्या तळमजल्याच्या खिडकीशी उद्या तीन अनोळखी माणसं फोन धरून उभी राहिली तर पोलीस येतील, सोसायटीची तातडीची सभा भरेल. 16 जानेवारी 1967 ला गोवेकरांनी मतदान करून महाराष्ट्रात यायला नकार दिला. आमच्या लोकांचा तिथला वावर बघितला की त्यांच्या दूरदृष्टीला दाद द्यावीशी वाटते.

दुसऱ्या दिवशी कळंगूट. दिवाळीची सुट्टी, त्यामुळे किनाऱ्यावर वाळू दिसायची ती माणसांच्या मधल्या फटींतून. ओमा पोहून बाहेर आली. साधा काळा पोहण्याचा पोशाख, वय 65, गुडघ्यावर ऑपरेशनचा उभा व्रण, डोळ्यांत मीठ गेलेलं. टॉवेलापर्यंत यायला तिला वीस पावलं होती. सातव्या पावलाला एका कुटुंबाने तिला गाठलं. मराठी कुटुंब, हे मुद्दाम सांगते, नाही तर लगेच 'बाहेरचे लोक' म्हणायची सोय होते. "वन फोटो, मॅडम, वन फोटो." ती हसली, उभी राहिली. मग वहिनीबरोबर एक. मग वहिनीचं बाळ तिच्या ओल्या हातांत कोंबलं. बाळाने टाहो फोडला. आई म्हणते, "बघ ना सोन्या, गोरी आजी, बघ इकडे." मागे रांग लागली. मी मोजले, अकरा फोटो. ओपा टॉवेल धरून उभा, देवळात नैवेद्याचं ताट घेऊन उभं राहावं तसा.

रांगेतले निदान विचारून काढत होते. तीन बाप्ये मात्र मागून, कमरेच्या उंचीला फोन धरून व्हिडिओ करत होते. भाचीने ते बघितलं आणि ती सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "दादा, विचारलंत का तुम्ही त्यांना?" ते हसले. "फॉरेनर हाय ती, तिला काय कळतंय." ती म्हणाली, "मला कळतंय ना." आणि मी काय केलं? मी तिचा दंड धरला आणि मागे ओढलं. "जाऊ दे गं, कशाला तोंडी लागतेस." सांभाळून आणायचं होतं ना मला तिला.

जानेवारी 2023 मध्ये गोव्याच्या पर्यटन खात्याने पर्यटकांसाठी सूचना काढल्या. त्यात एक अशी की परवानगीशिवाय दुसऱ्या पर्यटकांचे, अनोळखी माणसांचे फोटो आणि सेल्फी काढू नका, विशेषतः ते उन्हात पहुडलेले असताना किंवा पोहत असताना. एका सरकारी खात्याला मोठ्या माणसांना कागदावर लिहून सांगावं लागतं की पोहणाऱ्या बाईचा चोरून फोटो काढू नये. सोळा वर्षांच्या पोरीला ते कागदाशिवाय कळलं होतं. त्या कळण्याचं आम्ही काय करतो? दंड धरतो.

रात्री भाची माझ्याशी बोलत नव्हती. मग तिने एकच प्रश्न विचारला आणि तो त्या फोटोवाल्यांबद्दल नव्हता. "ओमाने स्विमसूट घातला तर तू म्हणालीस छान. मी शॉर्ट्स आणल्या तर आईने बॅगेतून काढून ठेवल्या. असं का?"

"अगं, त्यांचं चालतं."

तोंडातून निघून गेलं. आईच्या, आजीच्या, पणजीच्या तोंडातून जसं निघालं असेल अगदी तसंच, त्याच सुरात. त्यांचं चालतं. म्हणजे त्या बाईला शरीर आहे ते फोटोपुरतं, आणि या मुलीला शरीर आहे ते झाकण्यापुरतं, आणि पोहण्यासाठी ते दोघींनाही नाही. यावर कुणी संस्कृती वगैरे सांगायला लागलं तर मी एवढंच विचारीन की ओली जीन्स किती जड होते हे तुम्ही कधी उचलून बघितलंय का? बादलीतून काढून पिळताना मनगट भरून येतं. त्याच जीन्समध्ये, त्यावर लांब कुर्ता आणि गळ्यात गाठ मारलेली ओढणी अशा थाटात आपण आपल्या मुली लाटांमध्ये सोडतो. कपड्यांनी पायांना बेड्या घालायच्या, त्यालाच मर्यादा म्हणायचं, आणि मग किनाऱ्यावर उभं राहून ओरडायचं, फार आत जाऊ नका गं!

पुतण्याबद्दल सगळ्यांना धाकधूक होती. पिऊन बिऊन येईल. त्याच्या आईने दर संध्याकाळी व्हिडिओ कॉल करून त्याचे डोळे तपासले. त्याच्या वयाला गोव्यातही कायद्याने दारू देता येत नाही, त्यामुळे पोरगा लिंबू सोडा पीत होता आणि पाच दिवसांत त्याने एकदाही मर्यादा सोडली नाही. मर्यादा सुटली होती ती माझ्या वयाच्या, पोटं सुटलेल्या, बर्म्युडा घातलेल्या गृहस्थांची. उघड्यावर वाळूत बसून पिणं, बाटल्या फोडणं याला गोव्याने 2019 मध्ये कायदा बदलून दंड लावला: एकट्याला 2,000 रुपये, घोळक्याला 10,000. आमच्या शेजारचा घोळका ते दहा हजार आपसात किती पडतील याचा हिशेब मोठमोठ्याने करत होता. सात जण होते. परवडत होतं म्हणे.

आता ओपाबद्दल. वाचकांना वाटेल बाई गोऱ्यांची आरती ओवाळते आहे. अजिबात नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात ओपाने एका म्हातारीकडून चोरिसांची, म्हणजे गोव्याच्या सॉसेजची, माळ घ्यायची म्हणून पन्नास रुपयांसाठी वीस मिनिटं घासाघीस केली. पुस्तकात लिहिलं होतं की घासाघीस हा इथल्या संस्कृतीचा भाग आहे, ती केली नाही तर विक्रेत्याला वाईट वाटतं. म्हातारीला मुळीच वाईट वाटलं नसतं. तिला घरी जायचं होतं. आपल्या गावात हा माणूस पावाच्या दुकानात घासाघीस करतो का? माझ्या भावाच्या भाड्यात तर त्याने एक युरो कधी सोडलेला नाही. पण घृणास्पद भाग वेगळाच. त्या वीस मिनिटांत दुभाषी मी होते. मराठीतून, गोड बोलून, 'आजी, पाहुणे आहेत आपले' करून मीच ते पन्नास रुपये पाडून घेतले, आणि ओपाने पाठ थोपटली तेव्हा मला आनंद झाला. पन्नास रुपयांचा आनंद. कोळणींच्या रांगेपुढे जाऊन तो 'खरा भारत' टिपत होता तेव्हाही त्याची पिशवी माझ्याच खांद्याला होती.

चौथा दिवस, बागा. इथे मला थोडं थांबायचंय.

समुद्र पावसाळ्यातून नुकताच बाहेर आला होता. किनाऱ्यावर एका पट्ट्यात लाल-पिवळे झेंडे, म्हणजे इथे पोहा, आमचं लक्ष आहे. पलीकडे नुसते लाल झेंडे. झेंड्यांकडे बघायची आम्हाला सवय नाही. रंगीत असलं की ते सजावटीचं असणार असं आम्ही धरून चालतो. झेंड्यांच्या मधल्या पट्ट्यात गर्दी होती आणि लाटा चांगल्या छातीएवढ्या फुटत होत्या. मी नीट पाहणी केली. सांभाळायचं होतं ना. जरा डावीकडे एक जागा अशी होती की तिथे लाटा फुटतच नव्हत्या. पाणी सपाट, थोडं गडद, शांत. तळ्यासारखं. मी बोट दाखवून चौघांना म्हटलं, "त्या बाजूला जा. तिथे लाटा नाहीत."

वाक्य नीट वाचा. ते मी म्हटलं, दुसऱ्या कुणी नाही.

लाटा पाणी आत आणून टाकतात, त्या पाण्याला कुठून तरी परत जावं लागतं. ते सगळीकडून सारखं जात नाही. वाळूच्या बांधात जिथे खाच असते तिथून नदीसारखं एकवटून जोरात बाहेर जातं. त्या खाचेवर पाणी खोल, म्हणून तिथे लाट फुटत नाही. किनाऱ्यावरून बघणाऱ्या शहाण्या माणसाला ती सगळ्यात निवांत जागा दिसते. परतीचा प्रवाह म्हणतात त्याला. त्यात सापडलेला माणूस किनाऱ्याच्या दिशेने जीव खाऊन हात मारतो आणि दमून बुडतो. खरं तर किनाऱ्याला समांतर, बाजूला पोहायचं, की काही अंतरावर प्रवाह सुटतो. हे मी आता पाठ म्हणून दाखवते. त्या सकाळी मला यातलं अक्षर माहीत नव्हतं आणि मी चार मुलं घेऊन समुद्रावर आले होते.

चौघं गेली. मी छत्रीखाली बसून ओपासाठी घेतलेल्या पाण्याच्या बाटलीचं सील नखाने तपासत होते. खरंच. सील आधी फोडलेलं तर नाही, बाटली नळावर भरून आणलेली तर नाही, हे झाकण फिरवून बघत होते. तेवढ्यात शिट्टी वाजली. एक, मग लागोपाठ चार-पाच. मान वर केली तर आपली चार डोकी होती त्याच्यापेक्षा बरीच लांब दिसत होती. कुणी किंचाळत नव्हतं. बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा हात हलवून ओरडतो हीच माझीही समजूत. पाणी शांत होतं, डोकी लांब होती, आणि एक डोकं मधून मधून दिसेनासं होत होतं. इतकंच.

जीवरक्षक लाल फळी घेऊन पाण्यात होता, दुसरा त्याच्या मागे धावत होता. धाकट्याला पुतण्याने धरलं होतं, ते दोघं फळीला लोंबकळले. भाची कशीबशी पाठीवर तरंगत राहिली. दिसेनासं होणारं डोकं मैत्रिणीचं. जीन्स, वर पूर्ण बाह्यांचा टॉप. तिला दुसऱ्याने काखेत हात घालून ओढत आणलं. वाळूवर टाकल्यावर ती ओकली, रडली, मग थरथरत बसून राहिली. दोन्ही हातांनी ती टॉप खाली ओढत होती, कारण भोवती लोक जमले होते. आणि हो, त्यातल्या दोघांचे फोन वर होते.

जीवरक्षक पंचविशीतला असेल. आधी हिंदीत बोलला, आम्ही मराठी बोलतोय हे कळल्यावर त्याची बोली बाहेर आली, सावंतवाडीकडचा निघाला. पाणी निथळत होतं, दम लागला होता, पण आवाज चढलेला नव्हता. "पोरांका पवाक येता काय?"

मी म्हटलं, नाही.

"चौघांकव नाय?"

पुतण्याने खाली बघत सांगितलं की तो क्लबच्या टँकमध्ये कडेला धरून पाय मारतो.

"मगे बाय, हय कित्याक हाडलास?"

याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. अजून नाही. गोव्यात 2008 पासून किनाऱ्यांवर हे जीवरक्षक नेमलेत, सकाळी साडेसात ते संध्याकाळी सहा. सहा वाजता त्यांची पाळी संपते तेव्हा आमची माणसं सूर्यास्ताच्या फोटोसाठी कमरेएवढ्या पाण्यात शिरत असतात. मी त्याला पाचशेची नोट द्यायला गेले. त्याने ती घेतली नाही, तो झेंडे नीट करायला गेला. आपल्याला कृतज्ञ कसं व्हायचं तेही येत नाही, आपण टिप देतो.

ओमा मैत्रिणीच्या पाठीवर टॉवेल टाकून बसली होती. तिने विचारलं, यांच्याकडे समुद्रघोडा नाही का? मला वाटलं भाषेची गडबड झाली. नव्हती. त्यांच्याकडे लहान मुलांना पोहण्याची पहिली परीक्षा पास झाली की समुद्रघोड्याचं चित्र असलेला कापडी बिल्ला मिळतो, आया तो पोहण्याच्या चड्डीवर शिवतात. 25 मीटर पोहायचं आणि खांद्याएवढ्या पाण्यात तळाची वस्तू उचलून आणायची. तिच्या नातवंडांकडे आहेत. तिने काही हिणवून विचारलं नव्हतं, गोवराची लस टोचलीय का विचारावं तसं विचारलं. मी मनातल्या मनात आमच्या चौघांचे बिल्ले मोजले. ॲबॅकसच्या पाच पातळ्या. स्कॉलरशिप, दोघांना. भरतनाट्यमच्या चार परीक्षा. ऑलिंपियाडची पदकं, ती तर पैसे भरणाऱ्या सगळ्यांनाच मिळतात. कराटेचा तपकिरी पट्टा. पाण्यात पडल्यावर जिवंत बाहेर येण्याचं एकही प्रमाणपत्र नाही. तिन्ही घरं मिळून क्लासच्या फीवर वर्षाला काही लाख घालवतात.

1 फेब्रुवारी 2016 ला मुरुडला पुण्याच्या कॉलेजची 14 मुलं-मुली सहलीत बुडून गेली. तेव्हा पुण्यात काय चर्चा झाली ते मला आठवतंय, कारण त्या चर्चेत मीही होते. सहली बंद कराव्यात का, शिक्षक काय करत होते, पालकांकडून हमीपत्र घेतलं होतं का. मुलांना पोहायला येत होतं का, हा प्रश्न माझ्या कानावर आला नाही. माझ्या तोंडूनही गेला नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकड्यांप्रमाणे देशात 2021 मध्येही आणि 2022 मध्येही 35 हजारांहून जास्त माणसं बुडून मेली. विहिरीत, तलावात, नदीच्या डोहात, समुद्रात. आपल्याकडे त्याला 'पाण्याने ओढून नेलं' म्हणतात. पाण्यावर ठपका ठेवला की हमीपत्रही लागत नाही.

संध्याकाळी जनरेटरच्या वरच्या खोलीत आमची सभा भरली. चौघं पलंगावर, मी खुर्चीत. पुतण्या म्हणाला, "काकू, घरी नको सांगूस. परत कधी पाठवणार नाहीत." मैत्रीण म्हणाली, "मावशी, प्लीज. आई मरेल." मी दोन मिनिटं विचार केल्यासारखं केलं. मग ग्रुपवर फोटो टाकला: सगळे छत्रीखाली, ओमा मध्यभागी, केस ओले. खाली लिहिलं, 'फुल धमाल!' तीन बदाम. लगेच अंगठे, लगेच हात जोडलेले. भाचीच्या मैत्रिणीच्या आईने लिहिलं, "किती छान सांभाळलंत हो ताई." आणि पुतण्याच्या आईने, "पाहुण्यांचं पोट बरं आहे ना?"

पोट उत्तम होतं. ओपा पाच दिवस सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, कढी ओरपत होता, त्याला साधी ढेकरही आली नाही.

पत्रादेवीला परतीच्या वाटेवर चेकिंगवाल्याने गाडीत डोकावून बघितलं, ओमा-ओपाला सलाम ठोकला आणि जा म्हणाला. सीटखाली बघितलंच नाही. ड्रायव्हर पुढे कोल्हापूरपर्यंत खूश होता. काय ठेवलं होतं ते त्याचं त्याला माहीत.

पुण्यात आल्यावर मी घराजवळच्या तलावावर चौकशी केली. मुलींची वेगळी बॅच आहे, दुपारी एक ते दोन, म्हणजे ऊन ऐन डोक्यावर असताना आणि सगळे क्लास सुरू असताना. बाकीच्या वेळा सर्वांसाठी, म्हणजे पुरुषांसाठी. तरी फॉर्म आणले, चार. पुतण्यांचे दोन त्याच दिवशी भरले गेले. भाचीचं बहिणीशी भांडून झालं. राहिली मैत्रीण. तिच्या आईला फोन केला. बागाचं काही सांगितलं नाही, शब्द दिला होता; आता हा लेख वाचून त्यांना कळेल आणि आमचं बोलणं बंद होईल, होऊ दे. फोनवर एवढंच म्हटलं की उन्हाळ्यापर्यंत थांबू नका, आत्ताच घाला पोहायला.

"पण ताई, दुपारच्या उन्हात?" त्या म्हणाल्या. "गोव्याहून आली तीच इतकी काळवंडून. क्लोरीनने केसही जातात म्हणे. बारावी झाली की बघू."